दुर्बिणीतून गर्भपिशवी काढल्यावर घरी किती दिवस जपायचं?

प्रश्न: माझ्या आईचं वय ४६. फायब्रॉइडच्या गाठींमुळे दोन वर्षं अंगावरून खूप जायचं, हिमोग्लोबिन ८ वर आलं होतं. दुर्बिणीतून गर्भपिशवी काढली, दोन्ही अंडाशय ठेवले आहेत. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, आज सहावा दिवस. पोटावर चार बारीक छिद्रं सोडली तर काही दिसत नाही आणि आई कालपासून ओट्याशी उभी आहे. आजी म्हणते, ४० दिवस पलंग सोडायचा नाही, भात-वांगं-दही बंद. खांदा का दुखतो? पट्टा बांधायचा का? १९व्या दिवशी मामेबहिणीचं लग्न आहे, आईला नेऊ का?

उत्तर:

आधी आईंना ओट्यापासून बाजूला करा, मग पुढचं वाचा.

मी २६ वर्षं मिरजेत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. जत, कवठे महांकाळ, अथणी या बाजूच्या बायका आमच्याकडे येतात. मी सुरुवात केली तेव्हा गर्भपिशवीचं ऑपरेशन म्हणजे पोट उघडूनच व्हायचं. बाई आठ दिवस वॉर्डात असायची, टाके काढूनच घरी जायची. घरी गेल्यावरही पोटावरचा लांबलचक टाका बघून घरातले तिला उठू द्यायचे नाहीत. १९८८ साली अमेरिकेत हॅरी रीच यांनी पहिल्यांदा दुर्बिणीतून गर्भपिशवी काढली आणि पुढे हळूहळू ती पद्धत आपल्याकडेही रुळली. दुखणं कमी झालं, रक्त कमी जातं, बाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाते. हे सगळं चांगलंच झालं. पण दवाखान्यातले दिवस कमी झाले म्हणून आतली जखम भरायचे दिवस कमी झाले नाहीत. पूर्वी वॉर्डात मिळायची ती विश्रांती आता घरच्यांनी द्यायची आहे, आणि हे घरच्यांना कुणी नीट सांगत नाही.

आत काय झालंय ते समजलं की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. बाहेरची छिद्रं अर्ध्या ते एक सेंटिमीटरची असतात. आत मात्र पोट उघडून केलं असतं तर झालं असतं तेवढंच काम झालेलं आहे. गर्भपिशवीला धरून ठेवणारे बंध कापले, रक्तवाहिन्या बंद केल्या, मूत्राशय अलगद खाली सरकवलं, पिशवी योनिमार्गातून बाहेर काढली आणि योनीचं वरचं टोक आतून शिवून बंद केलं. त्या शिवणीला आम्ही ‘व्हॉल्ट’ म्हणतो. आईंच्या शरीरात सध्या सगळ्यात नाजूक जागा तीच. खोकलं, कुंथलं, वजन उचललं की पोटातला दाब वाढतो आणि तो थेट या शिवणीवर येतो. टाके विरघळणारे असतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांत ते आपली ताकद सोडतात आणि तोवर शिवण स्वतःच्या बळावर उभी राहायला हवी.

म्हणून आजींचं अर्धं म्हणणं अगदी खरं आहे. त्यांचे ४० दिवस आणि आमचे सहा आठवडे यांत दोनच दिवसांचा फरक आहे. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी बायकांना सांगितलेला हा हिशोब आहे, तो मोडू नका. फक्त ते ४० दिवस पलंगावर काढायचे नाहीत. झोपून राहिलं तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय गॅस धरतो, पोट साफ होत नाही, अंगात ताकद राहत नाही. जागेपणी दर दोन तासांनी घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं चालायचं, बसल्या जागी पावलं वर-खाली हलवायची. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळ अंगणात किंवा गच्चीवर वीस मिनिटं. जिना चढायला हरकत नाही, कठडा धरून सावकाश चढायचा.

आता वजनाचं. इथे माझीच एक चूक सांगते. मी वर्षानुवर्षं डिस्चार्जच्या वेळी ‘जड उचलू नका’ एवढंच म्हणत होते. एकदा जत भागातली एक बाई पंधराव्या दिवशी अंगावरून लाल जातंय म्हणून आली. काय उचललंत विचारलं तर म्हणाली, ‘जड काही नाही हो, अर्धीच घागर.’ टँकर आला की आख्खी घागर डोक्यावर आणि दुसरी कमरेवर घेणाऱ्या बाईला अर्धी घागर जड वाटणारच नाही. तेव्हापासून मी किलोत आणि भांड्यांत सांगते. सहा आठवडे पाच किलोच्या वर काही नाही. भरलेली बादली १५ किलोच्या आसपास जाते. घागर, हंडा, कळशी नाही. गॅसची टाकी भरलेली ३० किलोच्या घरात असते, ती ढकलायचीही नाही. भिजलेली सोलापुरी चादर पिळायची नाही. पाच लिटरचा भरलेला कुकर उतरवायचा नाही. नातवंड कितीही रडलं तरी ते दुसऱ्याने उचलून मांडीवर द्यावं. गाडी मेन स्टँडवर घ्यायची नाही. गोठ्यात म्हैस असेल तर धारा काढायला आणि वैरण टाकायला दुसरं माणूस आत्ताच ठरवा.

चपात्या लाटणं हे तसं हलकं काम. पण सहाव्या दिवशी ओट्याशी तासभर उभं राहणं हलकं नाही. दोन आठवडे स्वयंपाकघर पूर्ण बंद ठेवा. तिसऱ्या आठवड्यात भाजी निवडणं, खुर्चीवर बसून थोड्या चपात्या लाटणं, फोडणी देणं चालेल. पाच-सहा माणसांची कणीक मळणं, भाकऱ्या थापणं, केर-फरशी, धुणं हे सहाव्या आठवड्यानंतरच. ‘आईला बसवत नाही, तिला स्वतःलाच करायचं असतं’ असं मुली मला नेहमी सांगतात. मला ते पटतं, पण पुरेसं वाटत नाही. समोर काम पडलेलं दिसलं की ती उठणारच. काम आधीच झालेलं असलं तर बसेल. डबा लावा, मावशी ठेवा, वडिलांना कुकर लावायला शिकवा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायलाच हवं असं एक आहे. शारीरिक संबंध कमीत कमी सहा ते आठ आठवडे पूर्ण बंद, आणि त्यानंतरही डॉक्टरांनी व्हॉल्ट तपासून ‘भरलाय’ म्हटल्यावरच. शिवण उसवण्याचा प्रकार क्वचित होतो, शंभरात एकीलाही होत नाही. पण दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर तो खालून, म्हणजे योनिमार्गातून केलेल्या ऑपरेशनपेक्षा थोडा जास्त दिसतो आणि त्याचं एक नेहमीचं कारण घाईने आलेला संबंध हेच असतं. पाचव्या आठवड्यात रात्री दोन वाजता अशी एक बाई माझ्याकडे आली होती. आतड्याचा भाग योनिमार्गात उतरला होता. वेळेत आली म्हणून वाचली. नवऱ्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं आणि तिला सांगायची लाज वाटली. त्या रात्रीपासून मी घरी सोडताना नवऱ्याला आत बोलावून दोघांसमोर स्वतः सांगते. मुलीने वडिलांना हे सांगणं अवघड आहे, मला कळतं. तपासणीला वडिलांनाच बरोबर पाठवा आणि डॉक्टरांना आधी फोन करून सांगून ठेवा की त्यांच्याशी बोला. टॅम्पॉन, आत पाणी मारून धुणं, पोहायला जाणं हेही तेवढेच दिवस बंद.

खांदा दुखण्याला घाबरू नका. ऑपरेशन करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, म्हणजे आतलं दिसतं. शेवटी तो काढतात, पण थोडा श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली उरतो आणि त्याला टोचतो. श्वासपटलाची नस आणि खांद्याची नस मानेत जवळजवळ एकाच ठिकाणाहून निघतात, त्यामुळे मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. दोन-तीन दिवसांत बहुतेकींचं थांबतं, काहींना आठवडाभर जातो. चालणं आणि खांद्यावर गरम पाण्याची पिशवी एवढं पुरतं. मात्र खांद्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असं काही असेल तर गॅस समजून थांबू नका, लगेच ईसीजी काढा.

अंगावरून गुलाबी, तपकिरी, थोडं पिवळसर जाणं चार ते सहा आठवडे चालू शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात टाके विरघळताना एक-दोन दिवस ते अचानक थोडं वाढतं, कधी दोऱ्याचा तुकडाही पडतो. हे आधी माहीत नसलं की घर हादरतं. पॅड तासाभरात पूर्ण भिजत असेल, गुठळ्या पडत असतील किंवा घाण वास येत असेल तर मात्र दाखवायचं.

खाण्याच्या बाबतीत मी आजींच्या विरुद्ध आहे आणि ते त्यांना प्रेमाने पटवून द्यावं लागेल. भाताने पू होत नाही. वांग्यानेही नाही. पू जंतूंनी होतो आणि मधुमेह ताब्यात नसेल तर जास्त होतो. साखर असेल तर तिच्यावर लक्ष ठेवा, भाताला दोष देऊ नका. पहिल्या आठवड्यात गुरगुट्या भात, मुगाचं वरण, साजूक तूप, ताक, भाज्यांचं सूप असं पचायला हलकं द्या. हरभरा डाळ, मटकी, कोबी थोडे दिवस मागे ठेवा, कारण गॅसने टाक्यांपेक्षा जास्त दुखतं. मग सगळं. अंडी, मासे, चिकन खात असतील तर अवश्य द्या, जखम भरायला प्रथिनं लागतात. डिंकाचे लाडू पोट साफ व्हायला लागल्यावर.

पोट साफ होणं ही या महिन्यातली फार मोठी गोष्ट आहे. भूल, वेदनाशामक गोळ्या, कमी हालचाल, लोहाच्या गोळ्या हे सगळं बद्धकोष्ठ करतं, आणि कुंथणं म्हणजे शिवणीवर ताण. दिवसाला आठ-दहा ग्लास पाणी, पपई, भिजवलेले मनुके, रात्री इसबगोल. दोन दिवसांत झालं नाही तर डॉक्टरांना विचारून लॅक्ट्युलोज घ्या, तिसऱ्या-चौथ्या दिवसाची वाट बघू नका. भारतीय संडासात बसल्याने टाके तुटत नाहीत, पण उठताना धरायला काही नसेल तर दोन आठवडे कमोडची खुर्ची आणा. औषधांच्या दुकानात मिळते.

दुखायचं थांबल्यावर बाई गोळ्या बंद करते, ते ठीक. पण पहिले चार-पाच दिवस दुखायची वाट न बघता दिलेल्या वेळी पॅरासिटामॉल घेतलेली बरी. दुखणं दबलं की माणूस चालतं, खोल श्वास घेतं. इतर दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी नकोत. एकच औषध दोन नावांनी दोनदा जात नाही ना, हे पाकिटावर बघा.

पट्टा बांधायलाच हवा असं दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये नाही. बरं वाटत असेल तर चालताना सैलसर बांधावा, झोपताना काढावा. बाळंतपणानंतर बांधतात तसा करकचून आवळला तर दाब खाली, नेमका व्हॉल्टवर जातो. खोकला-शिंक आली की उशी पोटाशी धरायची. कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठायचं, सरळ ताडकन नाही.

आंघोळ रोज करावी. पट्टी पाणी न शिरणारी असेल तर पहिल्या दिवसापासून, नाहीतर डॉक्टर सांगतील तेव्हापासून. पाणी अंगावरून जाऊ द्यायचं, घासायचं नाही, नंतर स्वच्छ पंच्याने टिपायचं. बेंबीतला टाका ओला राहतो, तो नीट कोरडा करा. आणि बेंबीत तेल, हळद, हिंग काहीही सोडू नका. आजींना हे मुद्दाम सांगा, कारण पोटात गॅस म्हटलं की आपला हात हिंगाकडे जातो. आणखी एक गोष्ट, जी डिस्चार्ज कार्डावर क्वचितच असते: सगळं छान भरलं आणि तीन-चार आठवड्यांनी एखाद्या छिद्राजवळ गाठ आली, ती लाल होऊन चिघळली, साध्या अँटिबायोटिकने बरी होत नाही, असं झालं तर सारखी औषधं बदलत बसू नका. क्षयाच्या जातकुळीतले काही जंतू असं करतात. त्याची वेगळी तपासणी आणि महिनोन्‌महिन्यांचा वेगळा इलाज असतो.

आता धोक्याच्या खुणा. याचं एक सूत्र मी प्रत्येक घराला सांगते. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर आजचा दिवस कालच्यापेक्षा बरा गेला पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं, पोट फुगलं, उलट्या होतात, नाडी जोरात चालते, तर ते आतड्याला इजा झाल्याचं लक्षण असू शकतं. ताप नसला तरी जायचं. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तरी जायचं. पाठीत कुशीकडे दुखतंय, किंवा योनिमार्गातून सतत पाण्यासारखं गळतंय आणि कपडा ओला राहतोय, हे ‘पांढरं’ समजून सोडू नका. मूत्रनलिकेला किंवा मूत्राशयाला इजा झाली असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असंच गळतं. एका पायाची पोटरी सुजून दुखते, अचानक धाप लागते, हे दिसलं तर रात्र असली तरी थांबायचं नाही. लघवीची नळी काढल्यावर उन्हाळी लागल्यासारखी जळजळ झाली तर तपासून औषध घ्या. लघवी होतच नसेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि खाली एकदम काही उतरल्यासारखं वाटलं, भस्सकन पाणी किंवा रक्त आलं, तर आडवं झोपवा, खाली उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं ठेवा, आत काही ढकलू नका, खायला-प्यायला देऊ नका आणि ऑपरेशन होऊ शकेल अशा दवाखान्यात न्या.

हिमोग्लोबिन ८ होतं, त्यामुळे आईंना थकवा दुखण्यापेक्षा जास्त दिवस राहील. दुपारी तीनच्या सुमारास एकदम गळून जातील, ते आळसाचं नाही. पाळी थांबली म्हणून रक्त आपोआप भरत नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या, चहा-दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब ठेवा. संडास काळी होते, ते चालायचंच. हिमोग्लोबिन बरोबर आलं तरी साठा भरायला आणखी तीनेक महिने गोळी लागते.

अंडाशय ठेवलेत हे चांगलं झालं. त्यामुळे ऑपरेशननंतर एकदम वाफा येणं, घाम फुटणं सहसा होत नाही. पाळी मात्र दिसणार नाही, म्हणून रजोनिवृत्ती कधी आली ते कळायला वाफा, झोप उडणं अशाच खुणा राहतील, आणि ती थोडी लवकरही येऊ शकते. त्या वेळी ‘पिशवी काढल्यामुळे होतंय’ म्हणून सोडून न देता दाखवा. पिशवीचं तोंडही काढलंय का हे डिस्चार्ज कार्डावर बघून घ्या. तोंड ठेवलं असेल तर पॅप तपासणी (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची) पुढेही करत राहावी लागते.

मध्येच रडू येईल. पाळीने छळलं तरी पिशवी गेल्यावर काही बायकांना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, आणि शेजारच्या येऊन ‘आता बाईपण संपलं’ असलं काहीतरी बोलून जातात. अशा भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायचा तुम्हाला हक्क आहे. रडणं दोन-तीन आठवड्यांच्या पुढे गेलं, जेवण-झोप गेली तर आम्हाला सांगा.

(गर्भपिशवी तशीच ठेवून नुसती अंडाशयाची गाठ काढली असेल तर एवढं जपावं लागत नाही, दहा-पंधरा दिवसांत बाई बहुतेक कामांना लागते. हिस्टेरोस्कोपी, म्हणजे योनिमार्गातून दुर्बीण घालून पिशवी आतून बघणं असेल, तर दोन दिवस पुरतात. हे लिहिते अशासाठी की शेजारीण ‘माझी पण दुर्बिणीचीच होती, मी आठव्या दिवशी शेतात होते’ असं सांगते, तेव्हा तिची कुठली झाली होती ते आधी विचारा.)

राहिलं लग्न. १९व्या दिवशी आईंना नेता येईल, पण पाव्हणी म्हणून, घरची म्हणून नाही. तपासणी लग्नाच्या आधी करून घ्या. एसटीच्या मागच्या सीटवर खड्डे खात नेऊ नका. कारने न्या, पुढच्या सीटवर, सीटबेल्टखाली पोटाशी छोटी उशी ठेवून. दर तासाभराने गाडी थांबवून आईंना थोडं चालायला लावा. भरजरी शालू नेसायची इच्छा असेल तर परकराची नाडी बेंबीच्या टाक्यावर येणार नाही अशी बांधा. कार्यालयात पाठ टेकायला खुर्ची, पंगतीत खाली बसायचं नाही, आहेराच्या रांगेत उभं राहायचं नाही, वरातीत नाचायचं नाही, रुखवताची भांडी उचलायची नाहीत. जेवण झालं की घरी. तपासणीला जाताना फाइल बरोबर न्या आणि काढलेल्या पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट मागून घ्या. तो बहुतेक तोवर आलेला असतो. फायब्रॉइड साधाच निघतो, पण कागदावर वाचल्याशिवाय कुणी तसं गृहीत धरू नये. रिपोर्टची एक प्रत घरी जपून ठेवा.